तुमचा प्रश्न: क्रिप्टो कार्ड आणि त्यावरची बक्षिसं

गेल्या अंकात एका उत्तरात क्रिप्टो कार्डाचा ओझरता उल्लेख आला होता. ॲपमधल्या वॉलेटात बिटकॉइन, इथर किंवा स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाच्या भावाला बांधलेलं नाणं) ठेवायचे आणि नेहमीच्या व्हिसा-मास्टरकार्डसारखं ते कार्ड कुठेही टॅप करायचं, एवढंच तिथे लिहिलं होतं. त्यानंतर याच विषयावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा स्तंभ त्यांनाच दिला आहे. मी नोकरीची बरीच वर्षं कार्ड विभागात, तक्रारींच्या टेबलावर काढली. कार्डाच्या जाहिरातीपेक्षा त्याचं स्टेटमेंट मला जास्त विश्वासाचं वाटतं, आणि उत्तरंही त्याच बाजूने देते आहे.

ताई, मी फ्रीलान्स डिझायनर आहे. काही ग्राहक मला यूएसडीसी या डॉलरला बांधलेल्या स्टेबलकॉइनमध्ये पैसे देतात. एका क्रिप्टो कार्डावर प्रत्येक खर्चाचे पाच टक्के परत मिळतात, असं लिहिलंय. माझ्या बँकेच्या कार्डावर एक टक्काही सुटत नाही. मग सगळा घरखर्च याच कार्डावरून का करू नये? यात ग्यानबाची मेख कुठे आहे?

हे पाच टक्के कोणाच्या खिशातून येतात, ते पाहिलं की मेख सापडते.

तुम्ही कार्डाने पैसे देता तेव्हा दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यातला थोडा भाग कार्ड देणाऱ्या संस्थेकडे जातो. त्याला इंटरचेंज म्हणतात, आणि नेहमीच्या कार्डांवरचा कॅशबॅक बहुतेक त्यातूनच निघतो. युरोपीय संघाने २०१५च्या नियमाने हा भाग ग्राहकांच्या डेबिट कार्डासाठी ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्के इतकाच ठेवला. काही देशांत तो बराच जास्त आहे. पण पाच टक्के सतत वाटत राहावे इतका तो सहसा नसतो. म्हणजे कंपनी फरक दुसरीकडून भरून काढते: एक तर जाहिरातीच्या खर्चातून, नाहीतर नाणं विकताना तुमच्याकडून घेतलेल्या दरातल्या फरकातून, किंवा स्वतःच काढलेल्या टोकनमधून, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या क्रिप्टो नाण्यातून. यातला शेवटचा मार्ग सगळ्यात जास्त दिसतो. स्वतःचं टोकन वाटायला कंपनीला रोख पैसा लागत नाही. त्या टोकनला बाजारात भाव आहे तोवर तुमचं बक्षीस आहे.

हा भाव आणि हा दर, दोन्ही बदलतात. मे २०२२मध्ये क्रिप्टो डॉट कॉम या क्रिप्टो कंपनीने आपल्या कार्डांवरची बक्षिसं कमी करत असल्याचं जाहीर केलं आणि त्यांच्या सीआरओ या टोकनचा भाव लगेच घसरला. ग्राहकांनी ओरड केल्यावर कंपनीने थोडी माघार घेतली, पण जुने दर काही परत आले नाहीत. वरच्या दर्जाचं कार्ड मिळावं म्हणून ज्यांनी सहा-सहा महिने टोकन अडकवून ठेवलं होतं, त्यांना दोन्हीकडून मार बसला. बक्षीस घटलं आणि अडकवलेल्या टोकनची किंमतही.

आता कागद-पेन घ्या. समजा, तीन टक्क्यांच्या कार्डासाठी ५०० डॉलरचं टोकन सहा महिने लॉक करावं लागतं. तुम्ही महिन्याला ३०० डॉलर खर्च करता, म्हणजे सहा महिन्यांत १८००. तीन टक्क्यांनी बक्षीस झालं ५४ डॉलर. प्रत्येक खर्चाला नाणं विकताना एक टक्का गेला, तर १८ डॉलर वजा. उरले ३६. त्या सहा महिन्यांत टोकन २० टक्क्यांनी उतरलं, तर लॉकमधल्या ५०० चे ४०० होतात. म्हणजे ३६ मिळवायला १०० गेले. बक्षीस म्हणून मिळालेलं टोकनही तेवढंच उतरलेलं असणार, ते मी यात धरलेलंच नाही. टोकन चढलं तर गणित उलटं होईल, हे मान्य. पण तेव्हा तुम्ही घरखर्चावर बचत करत नसता, टोकनच्या भावावर पैसे लावलेले असतात. ते लावायचे असतील तर जाणून-बुजून लावा, कार्डाच्या आडून नको.

कार्ड घेण्याआधी अटींच्या पानावर मी काय शोधते, ते सांगते. बक्षीस कशात मिळतं आणि ते लगेच विकता येतं का. महिन्याला कमाल किती. कोणते खर्च वगळले आहेत. प्रत्येक दुकानाला कार्ड व्यवस्थेत एक चार आकडी व्यवसाय-कोड असतो आणि भाडं, कर, विमा, वीज-पाणी, भेटकार्डं असे कोड बऱ्याच योजनांत बक्षिसाबाहेर असतात. म्हणजे घरातले सगळ्यात मोठे खर्चच बाहेर राहतात. आणि नाणं विकण्याचा दर: ‘शुल्क शून्य’ लिहिलं असलं तरी बाजारभाव आणि तुम्हाला मिळालेला भाव यात फरक असतोच. एक छोटी खरेदी करा आणि त्याच मिनिटाचा बाजारभाव शेजारी लिहून ठेवा. त्या फरकात खरं शुल्क दिसतं.

तुमच्याबाबतीत मात्र मी ‘घेऊ नका’ म्हणणार नाही. तुमची कमाईच यूएसडीसीमध्ये येते. ती एक्सचेंजवर, म्हणजे नाणी विकण्या-घेण्याच्या ऑनलाइन बाजारात विकून, बँकेत मागवून, मग खर्च करण्यात वेळ आणि शुल्क दोन्ही जातं. तिथे हे कार्ड बक्षिसाशिवायही उपयोगाचं आहे. फक्त कार्ड निवडताना बक्षिसाचा आकडा बाजूला ठेवा. ज्याला काहीही लॉक करावं लागत नाही आणि ज्याचा विक्रीचा दर बाजाराच्या जवळ आहे, ते घ्या. त्यावर वरून एक टक्का मिळाला तर उत्तमच.

मी शिक्षिका आहे. दुकानदाराच्या मशीनमध्ये खरंच बिटकॉइन जातं का? आणि खात्यात पुरेसे पैसे दिसत असताना कार्ड कधीकधी नाकारलं का जातं?

दुकानदाराकडे बिटकॉइन जात नाही. त्याला त्याच्या चलनात पैसे मिळतात आणि तुमचं कार्ड क्रिप्टोचं आहे हे त्याला कळतही नाही.

तुम्ही टॅप केलं की मशीनकडून निघालेली विचारणा दुकानदाराच्या बँकेकडून व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यात जाते आणि तिथून कार्ड देणाऱ्या संस्थेकडे पोचते. ही संस्था बहुतेक वेळा तुमची ॲप कंपनी नसते. परवाना असलेली दुसरीच एखादी संस्था असते आणि ॲप तिच्या आधाराने चालतं. ती ॲपला विचारते, शिल्लक आहे का? ॲप त्या क्षणाच्या भावाने तेवढी नाणी विकल्याची नोंद करतं आणि होकार देतं. हे सगळं मशीन ‘थांबा’ दाखवतं तेवढ्यात उरकतं. दुकानदाराला प्रत्यक्ष पैसे पोचायला पुढे एक-दोन दिवस लागतात. या मागच्या हिशेबात थोडं क्रिप्टो अलीकडे शिरलं आहे. मार्च २०२१मध्ये व्हिसाने सांगितलं, की कार्ड देणाऱ्या भागीदाराकडून येणं असलेली रक्कम यूएसडीसीमध्ये इथेरियमवर (इथर ज्यावर चालतं त्या ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सामायिक नोंदवहीवर) घेण्याची चाचणी सुरू केली आहे. पण ते त्यांच्या आपसातलं देणंघेणं. तुमच्या पावतीवर त्याने फरक पडत नाही.

आता नकाराचं. काही ॲपमध्ये नाणी आधी विकून कार्डात रक्कम भरावी लागते. वॉलेटात इथर दिसतं पण कार्डात शिल्लक शून्य, असं झालं की नकार येतो. जी ॲपं खर्चाच्या क्षणी नाणं विकतात, त्यांत भाव जोरात हलत असताना सगळी शिल्लक वापरू दिली जात नाही. थोडी राखून ठेवतात. म्हणून काठोकाठ शिल्लक ठेवून खरेदीला जाऊ नका.

तिसरं कारण मला टेबलावर सर्वांत जास्त भेटायचं, आणि ते क्रिप्टोशिवायच्या कार्डांनाही लागू आहे. इंधन पंप, हॉटेल, भाड्याची गाडी इथे खरी रक्कम ठरण्याआधीच एक अंदाजे रक्कम अडकवली जाते. वीसचं इंधन भरलं तरी शंभर अडकू शकतात आणि ते सुटायला काही दिवस जातात. क्रिप्टो कार्डावर याला आणखी एक पदर आहे. काही ॲप अडकवलेल्या रकमेएवढी नाणी त्याच क्षणी विकून टाकतात आणि उरलेले पैसे नाणी म्हणून नाही, चलन म्हणून परत करतात. तुम्ही वीसच्या खर्चासाठी शंभरची नाणी विकलेली असतात. हॉटेल आणि गाडीच्या अनामतीसाठी साधं कार्ड द्या, एवढा नियम मी माझ्या घरच्यांनाही घालून दिला आहे.

ताई, मी कॉलेजात आहे. मित्राने मला कार्ड भरायला यूएसडीटी (डॉलरला बांधलेला आणखी एक स्टेबलकॉइन) पाठवले. त्याच्या बाजूला ‘यशस्वी’ दिसतं, माझ्या ॲपमध्ये काहीच नाही. पैसे गेले का?

घाबरू नकोस, आधी मित्राकडून त्या व्यवहाराचा हॅश, म्हणजे ब्लॉकचेनवरचा त्याचा ओळख-क्रमांक, मागून घे. यूएसडीटी हे एकच नाव असलं तरी ते इथेरियम, ट्रॉन आणि इतर अनेक नेटवर्कवर चालतं. तुझं ॲप एका नेटवर्कवर वाट पाहत असेल आणि मित्राने दुसऱ्यावरून पाठवलं असेल, तर असंच दिसतं. पत्ता तुझ्या ॲप कंपनीच्या ताब्यातला असेल तर अशा कंपन्या पैसे बहुधा परत मिळवून देऊ शकतात. काही शुल्क घेतात, काही नकार देतात. हॅश, नेटवर्कचं नाव आणि रक्कम लिहून ॲपच्या आतल्या मदत विभागातच तक्रार कर. समाजमाध्यमांवर ‘मी पैसे काढून देतो’ म्हणणारा कोणी भेटला आणि त्याने सीड फ्रेज (वॉलेट उघडणारे गुप्त शब्द) किंवा ओटीपी मागितला, तर तिथेच संभाषण बंद. पुढच्या वेळी आधी अगदी छोटी रक्कम पाठवायला सांग, ती दिसली की मग बाकीची.

ऑनलाइन मागवलेला कोट परत केला. दुकानाने पूर्ण पैसे परत दिले, पण माझ्याकडे आधीपेक्षा कमी इथर आहे. दुकानाने फसवलं का?

दुकानाने पुरेपूर परत दिलं आहे. त्याने तुमच्याकडून इथर घेतलंच नव्हतं, त्यामुळे ते परत देण्याचा प्रश्नच येत नाही.

समजा, कोट १०० डॉलरचा होता आणि त्या दिवशी इथरचा भाव २००० होता. तुमचे ०.०५ इथर विकले गेले. परतावा आला तेव्हा भाव २५०० होता. १०० डॉलर परत आले, त्यात आता ०.०४ इथर येतं. ०.०१ कमी पडलं, ते भावातल्या बदलाने. भाव उतरला असता तर तुम्हाला जास्त इथर घेता आलं असतं. शिवाय कोटावर मिळालेलं बक्षीस कंपनी बहुधा परत काढून घेते. ते टोकन तुम्ही आधीच विकलं असेल, तर काही ॲपमध्ये बक्षिसाची शिल्लक उणे झालेली दिसते.

म्हणून कपडे, चपला, उपकरणं, प्रवासाची तिकिटं, जे परत जाण्याची शक्यता आहे, ते भाव हलणाऱ्या नाण्यातून घेऊ नका. या खरेदीसाठी कार्डाला स्टेबलकॉइन जोडा. बहुतेक ॲपमध्ये कोणतं नाणं आधी वापरायचं याचा क्रम ठरवता येतो. तो क्रम उघडून पाहा. तुमच्या पत्रावरून वाटतं, की तिथे इथर पहिलं आहे आणि ते तुम्ही निवडलेलं नाही.

एक चांगली गोष्ट मुद्दाम सांगते. व्यवहार कार्डाच्या जाळ्यावरून गेलेला असतो, त्यामुळे माल आलाच नाही किंवा भलताच आला, तर चार्जबॅक, म्हणजे कार्ड संस्थेमार्फत पैसे उलटवून मागण्याची सोय इथेही असते. ब्लॉकचेनवर थेट पाठवलेले पैसे असे कोणी उलटवत नाही. तक्रार मुदतीत करा आणि दुकानाशी झालेला सगळा पत्रव्यवहार जोडा. माझ्यासमोर आलेल्या तक्रारींत कागद जोडलेल्या तक्रारी लवकर सुटायच्या.

रोजच्या चहा-बिस्किटाच्या खर्चाचाही कर भरायचा का? मित्र म्हणतो, छोट्या रकमा कोण बघतंय.

मित्राचं ऐकू नका. ज्या देशांत क्रिप्टोला मालमत्ता मानतात, तिथे कार्डाचा प्रत्येक खर्च म्हणजे ती मालमत्ता विकणं. अमेरिकेच्या कर खात्याने २०१४मध्येच ही भूमिका घेतली आणि पुढे अनेक देशांनी थोड्याफार फरकाने तीच धरली. खरेदीच्या वेळचा भाव आणि खर्चाच्या वेळचा भाव, यांतला फरक हा नफा किंवा तोटा. दिवसाला तीन वेळा कार्ड टॅप केलंत, तर तीन विक्री झाल्या. बक्षिसाचं टोकन काही ठिकाणी मिळताक्षणी उत्पन्न धरतात, काही ठिकाणी सवलत. तुम्ही राहता तिथला नियम तिथल्या करसल्लागारालाच विचारा, माझ्या उत्तरावर विवरणपत्र भरू नका.

ज्यांना हा हिशेब नको, त्यांनी भाव चढलेली जुनी नाणी कार्डाला जोडूच नयेत. स्टेबलकॉइनमध्ये भावाचा फरक नगण्य असतो, त्यामुळे आकडेमोड सोपी होते. नोंद मात्र ठेवावीच लागते. दर महिन्याला ॲपमधून व्यवहारांची फाइल उतरवून घ्या आणि आपल्याकडे ठेवा. ॲप बंद पडलं की जुना इतिहासही हाती लागत नाही.

बिटकॉइन न विकता त्याच्या तारणावर खर्च करू देणारं कार्ड कसं असतं?

ते कर्ज आहे, आणि त्याकडे कर्ज म्हणूनच पाहा. बिटकॉइन तारण राहतं, खर्च उधारीवर होतो, व्याज चालू होतं. भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की कंपनी तारण विकून आपले पैसे वसूल करते. ती विक्री रात्री अडीचलाही होते, कारण हा बाजार कधी बंद होत नाही. विकावं लागू नये म्हणून घेतलेलं कार्ड अगदी पडत्या भावात विकायला लावतं. रोजच्या किराण्यासाठी मला ते पटत नाही.

मी निवृत्त आहे. मुलगा परदेशातून पैसे पाठवतो आणि म्हणतो, बाबा, तुमची ठेवही या कार्डाच्या ॲपमध्येच ठेवा, वर व्याजही मिळेल. काय करू?

काका, मुलाने पाठवलेला महिन्याचा खर्च कार्डावर घ्यायला हरकत नाही. ठेव मात्र हलवू नका. इथे मी अगदी ठामपणे सांगते आहे.

असं कार्ड तीन-चार संस्थांच्या साखळीवर उभं असतं आणि त्यातली कोणतीही कडी तुटली की ते थांबतं. जानेवारी २०१८मध्ये व्हिसाने वेव्हक्रेस्ट या कार्ड देणाऱ्या संस्थेशी संबंध तोडले आणि तिच्या आधाराने चालणारी कितीतरी क्रिप्टो कार्डं एका दिवसात बंद झाली. जून २०२०मध्ये जर्मनीची वायरकार्ड ही पेमेंट कंपनी कोसळली. ब्रिटनच्या नियामकाने तिथल्या उपकंपनीचे व्यवहार काही दिवस गोठवले आणि त्या वेळी ज्यांची कार्डं तिच्यावर अवलंबून होती, त्यांना स्वतःचेच पैसे खर्च करता आले नाहीत. या लोकांनी कुठली चुकीची गुंतवणूक केली नव्हती. त्यांनी फक्त कार्ड खिशात ठेवलं होतं.

व्याजाचं आणखी गंभीर आहे. ठेवींवर मोठं व्याज देऊ करणाऱ्या सेल्सियसने जून २०२२मध्ये पैसे काढणं थांबवलं आणि जुलैमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. ब्लॉकफाय तर बिटकॉइनमध्ये बक्षीस देणारं क्रेडिट कार्डही चालवायची. तीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. बँक ठेवीला जिथे विमा असतो, तिथेही तो अशा ॲपमधल्या क्रिप्टोला सहसा लागू नसतो.

‘स्टेबलकॉइन तर डॉलरला बांधलेला आहे,’ असं मुलगा म्हणेल. यूएसडीसी सर्वांत भरवशाच्या स्टेबलकॉइनांपैकी एक मानला जातो. मार्च २०२३मध्ये त्याच्या राखीव निधीतले ३.३ अब्ज डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले आणि त्याचा भाव ८८ सेंटच्याही खाली गेला. काही दिवसांत तो सावरला. पण औषधाचं बिल नेमकं त्याच शनिवारी भरायचं असतं, तर काय? मे २०२२मध्ये टेरायूएसडी हा दुसरा स्टेबलकॉइन कोसळला, तो सावरलाच नाही.

तेव्हा मुलाला असं सांगा: दर महिन्याला खर्चापुरतंच पाठव, आणि तेही डॉलरला बांधलेल्या नाण्यात. शक्य असेल तर नाणी आधीच विकून कार्डात चलन भरता येईल असं कार्ड घ्या, म्हणजे तुम्हाला भाव बघत बसावं लागणार नाही. ॲपमध्ये दिवसाची खर्चमर्यादा लावून घ्या आणि कार्ड गोठवायचं बटण कुठे आहे ते त्याच्यासमोर दोनदा दाबून पाहा. परदेशी यंत्राने ‘तुमच्या चलनात रक्कम दाखवू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर महाग पडतो. पाकिटात बँकेचं साधं कार्ड कायम ठेवा. आणि ओळखपत्रं, ॲपचा पासवर्ड, नोंदवलेला फोन क्रमांक हे सगळं तुमच्याच नावावर आणि तुमच्याच हातात असू द्या. खातं मुलाच्या नावाचं आणि कार्ड तुमच्या खिशात अशी व्यवस्था केलीत, तर कंपनीने पडताळणी मागितली की खातं अडकेल आणि तुमची तक्रार कोणी ऐकूनही घेणार नाही. त्याला वेगळं कार्ड लागत असेल तर त्याने वेगळं काढावं.